सिलिकोन इम्प्लांटचे यांत्रिक परीक्षण : नमुना आणि वस्तू यांतील अंतर

प्रस्तावना

ठाण्याच्या माजिवडा नाक्यापासून काही किलोमीटरवर असलेल्या वागळे औद्योगिक वसाहतीत 'इर्म्रा' या संक्षिप्त नावाने परिचित असलेली, १९५९ साली स्थापन झालेली रबर संशोधन संस्था आहे. रबराचे ताणसामर्थ्य, काठिन्य व फाटण्यास होणारा विरोध मोजणे हे अशा संस्थांचे नित्याचे काम होय. सिलिकोन हेही एक रबरच आहे. त्याचा डंबेलच्या आकाराचा तुकडा त्याच प्रकारच्या यंत्रात धरून ओढता येतो, आणि आकडाही मिळतो. मात्र वाहनाचा टायर काढून तपासता येतो. मेंदूतील पाणी वाहून नेणारी नळी किंवा स्तनातील इम्प्लांट बिघडले, तर रुग्णाला बहुधा दुसरी शस्त्रक्रिया सोसावी लागते. त्यामुळे आकडा नेमका कशाचा आहे, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो.

पदार्थाचे स्वरूप

सिलिकोनच्या मुख्य साखळीत सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे अणू आळीपाळीने येतात. साखळी अत्यंत लवचीक असते, पण साखळ्यांमधील परस्पर आकर्षण क्षीण असते. म्हणून भरणद्रव्य न घातलेल्या सिलिकोन रबराचे ताणसामर्थ्य एक मेगापास्कलच्याही खाली राहते; अतिसूक्ष्म सिलिका मिसळल्यावर ते सुमारे दहापट वाढते. वैद्यकीय सिलिकोनचे बळ बव्हंशी या सिलिकेचे आहे, असे म्हटले तरी चालेल.

नैसर्गिक रबर ताणले असता त्यात स्फटिक तयार होतात व चिरेची वाढ रोखली जाते. शरीराच्या तापमानाला सिलिकोनमध्ये तसे घडत नाही. सुईचे टोक किंवा शस्त्राची धार चुकून लागली, तर ती बारीक चीर पुढे सरकत जाते. केवळ ताणसामर्थ्य मोजून हा दोष दिसत नाही. त्यासाठी मुद्दाम चीर दिलेला नमुना फाडून पाहावा लागतो.

आकडा कशाचा?

आयएसओ ३७ या प्रमाणानुसार डंबेल नमुना सामान्यतः मिनिटाला ५०० मिलीमीटर या वेगाने ओढतात, किमान तीन नमुने घेतात व त्यांचे मध्यक मूल्य नोंदवतात. स्तन-इम्प्लांटसाठी अमेरिकेतील एएसटीएम संस्थेचे एफ ७०३ हे प्रमाण आहे. त्यानुसार कवच तुटण्यापूर्वी मूळ लांबीच्या किमान ३५० टक्क्यांनी वाढले पाहिजे. तसेच ३०० टक्के ताण तीन मिनिटे ठेवून सोडल्यावर उरणारी वाढ १० टक्क्यांपेक्षा कमी असावी. येथे नमुना तयार कवचातून कापला जातो. साच्यात ओतलेली वेगळी चकती उत्तम निघेल. पण कवचाची जाडी सर्वत्र सारखी नसते, आणि ते फुटते ते पातळ जागी. निर्जंतुकीकरणाचाही परिणाम होतो. गॅमा किरणांनी सिलिकोनमधील आडबंध वाढतात, काठिन्य वाढते व ताणण्याची क्षमता घटते. निर्जंतुकीकरणापूर्वीचा अहवाल त्यामुळे अपुरा होय.

शरीरातील द्रव हा आणखी एक घटक. आल्बर्ट स्टार व लोवेल एडवर्ड्स यांच्या कृत्रिम हृदयझडपेत, जिचा वापर १९६० साली सुरू झाला, धातूच्या पिंजऱ्यात सिलिकोनचा चेंडू असे. काही रुग्णांत हा चेंडू रक्तातील मेद शोषून फुगला, विद्रूप झाला व तडकला. कोरड्या नमुन्यावरील परीक्षणात हे दिसणे शक्यच नव्हते. चेंडू पक्व करण्याची पद्धत पुढे सुधारण्यात आली आणि दोष बराच घटला. आज मेदयुक्त द्रवात मुरवून, वारंवार वाकवून परीक्षण केले जाते ते या अनुभवामुळे. अर्थात प्रयोगशाळेतील काही आठवडे शरीरातील वीस वर्षांची बरोबरी किती करतात, याविषयी सावध राहणेच बरे.

कागद आणि वस्तू

फ्रान्समधील पोली इम्प्लांट प्रोथेस कंपनीचे प्रकरण वेगळ्या प्रकारचे आहे. तेथील नियामकाने मार्च २०१० मध्ये या कंपनीची स्तन-इम्प्लांटे बाजारातून काढली. तोवर जगभरातील सुमारे तीन लाख स्त्रियांच्या शरीरात ती बसवली गेली होती. मान्यताप्राप्त वैद्यकीय जेलऐवजी औद्योगिक प्रतीचे जेल भरले जात होते; लेखापरीक्षकांसमोर मात्र मान्य जेलचे कागद ठेवले जात. संस्थापकास डिसेंबर २०१३ मध्ये मार्सेयच्या न्यायालयाने चार वर्षांची शिक्षा ठोठावली. यंत्र चुकले नव्हते. यंत्रापुढे आलेली वस्तू व रुग्णाच्या शरीरात गेलेली वस्तू एकच नव्हती.

भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. जोखमीनुसार अ ते ड असे चार वर्ग आहेत. क व ड वर्गांतील उपकरणांचा उत्पादन-परवाना केंद्रीय प्राधिकरण देते, अ व ब वर्गांचा राज्य. ठाणे परिसरातील एखाद्या लहान कारखानदाराने प्रयोगशाळेकडे तुकडा पाठवताना तो कोणत्या उत्पादन-खेपेतील, इम्प्लांटच्या कोणत्या भागातून कापलेला व निर्जंतुकीकरणानंतरचा आहे काय, हे लिहून देणे म्हणूनच आवश्यक आहे. अहवालावर बहुधा 'नमुना ग्राहकाने पुरविलेला' एवढेच वाक्य असते, आणि ते प्रयोगशाळेच्या दृष्टीने प्रामाणिकच असते. खरी माहिती रुग्णाच्या शरीरातून काढलेल्या इम्प्लांटमध्ये असते. पण ते शस्त्रक्रियागृहातून सहसा जैववैद्यकीय कचऱ्यात जाते, ताणयंत्रापर्यंत पोहोचत नाही.