जीन्सची कंबर कुठे बसावी?

नेऱ्याहून पनवेल स्टेशनकडे स्कूटीवर निघालेल्या मुली मी रोज पाहते. सिग्नलला थांबल्या की एक हात मागे जातो आणि टॉप खाली ओढला जातो. त्यातलीच एखादी मग फिटिंगसाठी माझ्याकडे येते आणि म्हणते, "काकू, मी जाडी झालेय." तसं नसतं. चूक मापाची असते, अंगाची नव्हे.

लेबलवरचे २८, ३० हे आकडे कमरेचा घेर सांगतात. जीन्स कमरेवर कुठवर येणार, हे ठरतं आसनावरून, म्हणजे मांड्यांमधल्या जोडापासून पट्ट्यापर्यंतच्या उंचीवरून. जीन्स टेबलावर सपाट पसरा. चारी शिवणी जिथे मिळतात, तिथे टेपचं टोक धरा आणि चेनवरून पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. साधारण ८ इंच भरलं तर लो वेस्ट, ९ ते १० म्हणजे मिड, त्यापुढे हाय. कंपनीगणिक फरक पडतो, म्हणून नावापेक्षा टेपवर विश्वास ठेवावा. आता जीन्स पालथी करून मागूनही मोजा. मागचं आसन पुढच्यापेक्षा काही इंच जास्तच असतं, कारण बसलं की मागची बाजू ताणली जाते आणि पुढे पोटाशी कापड गोळा होतं. मागे कापड कमी पडलं की पट्टा खाली उतरतो. स्कूटीवरचा हात मागे जातो तो यामुळे.

साडीवाल्या बाईला कंबर कुठे बसवायची हे शिकवावं लागत नाही. परकराची नाडी बेंबीवर बांधायची की खाली, किती आवळायची, हे ती रोज पोटाला विचारून ठरवते. जीन्सच्या बाबतीत तो निर्णय कारखान्यातच झालेला असतो.

हाय वेस्ट कमरेच्या बारीक भागावर बसते, म्हणून घसरत नाही. पाय पट्ट्यापासूनच सुरू झाल्यासारखे, म्हणजे लांब दिसतात. लेव्हायजने १९३४ साली खास बायकांसाठी जीन्स काढली, तीही उंच कमरेचीच. पण पनवेलहून सीएसएमटीपर्यंत सव्वा तासाच्या वर बसून जायचं, तर तोच पट्टा पोटात रुततो. जिच्या बरगड्या आणि कंबर यांत अंतर कमी, तिला तर तो बरगडीलाच टेकतो. अशा मुलीला मिड वेस्टच आरामाची आणि माझ्या मते दिसायलाही छान. लो वेस्टमध्ये पोट मोकळं राहतं, पण वाकलं की मागे उघडं पडतं.

कंबर बारीक आणि नितंब रुंद असतील तर सरळ पट्टा मागे उभा राहतो. गोलाईत कापलेला पट्टा अंगाला धरून बसतो.

घेतानाच ट्रायल रूममध्ये उकिडवं बसून पाहा. पट्टा जागेवर राहिला पण मागे मूठ शिरत असेल, तर मधली शिवण उसवून तो आत घेता येतो. पट्टाच खाली उतरला तर ती जीन्स तिथेच ठेवून या. आसन वाढवायला आत कापडच नसतं.