चौकट : शिमग्यापूर्वीची गावकी

कोकणात, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यात, फाल्गुनातील शिमगोत्सवाआधी ग्रामदेवतेच्या मंदिरात किंवा सहाणेवर, म्हणजे पालखी विसावते त्या चौथऱ्यावर, ग्रामस्थांची बैठक भरते. या बैठकीला आणि तिच्यामागील सामूहिक व्यवस्थेलाही ‘गावकी’ म्हणतात. पालखीत रुपी, म्हणजे देवतेचे धातूचे मुखवटे, कधी लावायचे, पालखी कोणत्या वाडीत कोणत्या दिवशी जाईल, घरटी वर्गणी किती आणि होळीचा माड किंवा आंबा कोठून आणायचा, हे तेथे ठरते. यांपैकी सर्वांत नाजूक प्रश्न पालखीच्या क्रमाचा असतो, कारण तो मानपानाशी, म्हणजे विशिष्ट घराण्यांच्या परंपरागत हक्कांशी, जोडलेला असतो आणि त्यावरून बिनसल्यास भांडण वर्षानुवर्षे टिकते. म्हणूनच मानकरी आणि गुरव यांच्याइतकेच प्रत्येक वाडीच्या प्रतिनिधीचे म्हणणे ऐकून घेणे अगत्याचे ठरते. नोकरीनिमित्त मुंबईत राहणारे चाकरमानी आपल्या ‘मुंबई मंडळा’मार्फत या नियोजनात सहभागी होतात.

या बैठकीची मोठी उणीव अशी की ती परंपरेने पुरुषांचीच राहिली आहे, वास्तविक पालखी दारी आल्यावर ओटी भरण्यापासून पाहुण्यांच्या जेवणापर्यंतचा भार स्त्रियाच उचलतात. ग्रामपंचायतीच्या कायद्याने महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद केली आहे. गावकी मात्र रूढीने चालणारी असल्याने तिच्यावर असे बंधन नाही.