शहरातले नवे घर : किंमत वाजवी की अवाच्या सवा?

खेड्यातला माणूस म्हैस घ्यायला बाजारात गेला, की दात पाहतो, कास पाहतो, दोन्ही वेळचे दूध आपल्यासमोर काढायला लावतो, आणि मग रुमालाखाली हात घालून बोली करतो. तोच माणूस पोरांच्या शिक्षणासाठी शहरात फ्लॅट घ्यायला येतो, तेव्हा मात्र चकचकीत फरशी आणि रंगवलेल्या भिंती पाहून भुलतो. विकणारा सांगेल त्या आकड्यातून लाख-दोन लाख कमी करून घेतले, की आपण जिंकलो असे त्याला वाटते. म्हैस फसली तर वर्षभराचे नुकसान होते. घर फसले, तर विकलेली शेती किंवा मास्तरांची निवृत्तीची पुंजी गेली म्हणून समजावे. म्हणून घराची किंमत वाजवी आहे की नाही, हे स्वतः कसे ताडून पाहायचे, त्याचा आज विचार करू. यात लागते ते सारे गणित प्राथमिक शाळेतल्या त्रैराशिकापलीकडचे नाही.

उदाहरणासाठी कोल्हापुरातली शाहूपुरी घेऊ. १८९१ साली कोल्हापुरास रेल्वे आली आणि १८९५ साली राजर्षी शाहू महाराजांनी ही व्यापारपेठ वसवली. गुळाचा व्यापार वाढावा हा तिचा मुख्य हेतू. गुळाचे सौदे पुढे मार्केट यार्डात गेले. पण रेल्वे स्टेशन जवळ, एस. टी. स्टँड जवळ, दुकाने दाराशी, ही शाहूपुरीची सोय कायम राहिली. इथे मोकळी जागा फारशी उरलेली नाही. जुने घर किंवा जुने गोदाम पाडायचे आणि त्या जागी फ्लॅटची इमारत उभी करायची, असेच बहुधा घडते. म्हणजे इमारत नवी आणि जागा जुनी. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण किंमत ठरवण्याची किल्ली तिच्यातच आहे.

पहिली पायरी मोजमापाची. आपल्याला सांगतात, ‘हजार चौरस फुटांचा फ्लॅट आहे, दर ५,२००, एकूण ५२ लाख.’ हे हजार फूट कुठले, हे आधी विचारा. जिना, लिफ्टची जागा, भिंती, व्हरांडा यांतला वाटा मिळवून झालेल्या आकड्याला बाजारात ‘सुपर बिल्ट-अप’ किंवा ‘सेलेबल’ म्हणतात. तो ज्याचा त्याच्या सोयीने फुगतो. कायद्याला मान्य आहे ते चटई क्षेत्र, म्हणजेच कार्पेट. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला आपण रेरा म्हणतो, त्याची व्याख्या पक्की केली आहे. घरातली वापरण्याजोगी जागा आणि आतल्या भिंती त्यात धरायच्या. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची सोडायची. टेप घेऊन खोल्या स्वतः मोजा.

धरू, की मोजल्यावर ७०० फूट भरले. मग ५२ लाखांना ७०० ने भागले, की खरा दर फुटाला सुमारे ७,४२९ रुपये पडतो. पलीकडच्या गल्लीत दुसरा फ्लॅट आहे. तो ९०० फूट सांगतात, दर ५,५०० म्हणून साडेएकोणपन्नास लाख. ऐकायला हा दर चढा वाटतो. पण त्याचे चटई क्षेत्र ६९० फूट भरले, तर खरा दर सुमारे ७,१७४ रुपयेच होतो. म्हणजे ज्याचा दर जास्त वाटला तेच घर स्वस्त निघाले. चटई क्षेत्रावर दर काढल्यावाचून दोन घरांची तुलना करूच नये.

दुसरी पायरी म्हणजे घराचे दोन भाग पाडणे : जमीन आणि बांधकाम. जमिनीची किंमत काळाबरोबर बहुधा वाढते, बांधकामाची दरसाल झिजते. आपण घेतो ते या दोहोंचे गाठोडे असते आणि विकणारा मोल सांगतो ते गाठोड्याचे. ते सोडून पाहिले पाहिजे. समजा, इमारतीखाली साडेपाच गुंठे, म्हणजे सुमारे ६,००० चौरस फूट जागा आहे आणि तीवर सारखे बारा फ्लॅट आहेत. तेव्हा एका फ्लॅटच्या वाट्याला ५०० फूट जमीन आली. त्या भागात रिकाम्या जागेचा दर, निव्वळ हिशेबापुरता, फुटाला ५,००० रुपये धरू. जमीन २५ लाखांची झाली. जिना व पार्किंगचा वाटा धरून एका फ्लॅटमागे १,१०० फूट बांधकाम आणि ते आज नव्याने करायला फुटाला २,००० रुपये लागतात असे मानू. म्हणजे २२ लाख. पण इमारत दहा वर्षांची आहे. तिचे आयुष्य ६० वर्षे मानले, तर एक षष्ठांश, म्हणजे सुमारे ३ लाख ६७ हजार रुपये झीज वजा होते आणि बांधकामाचे १८ लाख ३३ हजार उरतात. दोन्ही मिळून ४३ लाख ३३ हजार.

मागणी ५२ लाखांची. मधले पावणेनऊ लाख म्हणजे सगळी लूट, असे मात्र समजू नये. परवानग्यांचा खर्च, बांधकाम चालू असतानाचे व्याज, बांधणाऱ्याचा रास्त नफा आणि मोक्याची जागा यांचेही मोल असतेच. पण फरक किती आणि कशाबद्दल, हा प्रश्न आता आपल्याला नेमका विचारता येतो. जमिनीचा आणि बांधकामाचा दर तिथल्या दोन माणसांना विचारावा : एक जागांचे व्यवहार जाणणारा आणि एक प्रत्यक्ष काम करणारा गवंडी-कंत्राटदार. जमिनीचा वाटा मात्र मंजूर नकाशा आणि मिळकत पत्रिकेवरूनच काढावा.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. शेजारचे घर काय भावाने गेले, ते पाहणे. ‘अमक्याने साठ लाखांना घेतला म्हणे’ ही चहाच्या टपरीवरची बातमी झाली. प्रत्येक नोंदणीकृत खरेदीची नोंद दुय्यम निबंधक कार्यालयात असते. तिच्या गोषवाऱ्याला सूची क्रमांक दोन किंवा बोलीभाषेत ‘इंडेक्स टू’ म्हणतात. त्यात मोबदल्याची रक्कम, सरकारी हिशेबाचा बाजारभाव, क्षेत्रफळ आणि तारीख असते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरही हा शोध घेता येतो. त्याच गल्लीतले, गेल्या वर्षभरातले, साधारण त्याच वयाच्या इमारतींमधले तीन-चार व्यवहार काढा आणि प्रत्येकाचा दर चटई क्षेत्रावर आणा. समजा, तीन दर निघाले : ६,४००, ६,७०० आणि ६,९००. सरासरी ६,६६७ रुपये. तिला ७०० ने गुणले, की सुमारे पावणेसत्तेचाळीस लाख येतात. जमीन-बांधकामाचा हिशेब ४३ लाखांवर सांगतो आणि शेजाऱ्यांचा ४७ लाखांच्या आत. तेव्हा ४५ ते ४८ लाखांच्या दरम्यान सौदा पटला, तर तो वाजवी म्हणावा. ५२ लाख द्यायचे असतील, तर त्याला तसेच सबळ कारण हवे.

इथे एक सावधगिरी बाळगावी. काही जण किमतीचा काही भाग रोखीने देतात आणि दस्तात कमी रक्कम लिहितात. त्यामुळे एखादा आकडा संशय येण्याइतका कमी दिसला, तर तो बाजूला ठेवावा. आपण स्वतः मात्र त्या वाटेला जाऊ नये. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा अधिक रुपये रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. शिवाय रोखीने दिलेल्या रकमेचा पुरावा राहत नाही. भांडण निघाले, की ती गेली.

कित्येकांना वाटते, सरकारचा ‘रेडी रेकनर’ म्हणजे घराचा खरा भाव. तसे नाही. तो वार्षिक मूल्यदर तक्ता मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी असतो. दस्तातली किंमत आणि तक्त्याप्रमाणे येणारी किंमत यांत जी जास्त, तिच्यावर शुल्क पडते. प्रत्यक्ष बाजार त्याच्या वर असतो आणि क्वचित खालीही असतो. एका टोकाची खूण म्हणून तो पाहावा, एवढेच.

आता जी गोष्ट भिंतीवर लिहिलेली असते तिच्याकडे वळू : पाणी. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले, आणि शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत व व्हीनस कॉर्नरच्या बाजूला घरादारांत शिरले. शाहूपुरी सगळीच बुडते असे नाही. एका गल्लीत पाणी येते आणि चार गल्ल्या सोडून रस्ता कोरडा राहतो. म्हणूनच एका पेठेचा एक भाव नसतो. निळी पूररेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपली इमारत या रेषांच्या कुठल्या बाजूला आहे, हे महापालिकेच्या नगररचना कार्यालयात विचारावे. त्याहून सोपी गोष्ट म्हणजे शेजारच्या दुकानदाराला २०१९ साली पाणी कुठवर आले होते ते विचारणे. तो हात करून दाखवील. तुमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर असला, तरी लिफ्टचे यंत्र, विजेचे मीटर, पाण्याची टाकी आणि गाडी खालीच असतात, हे विसरू नये.

कागदांचाही किमतीशी संबंध असतो. भोगवटा प्रमाणपत्र नसेल, तर कर्ज मिळायला अडचण, पुढे विकायला अडचण; अशा घराला पूर्ण भाव कशाला? जागा जुनी असल्यामुळे मिळकत पत्रिका नीट वाचावी. सर्व वारसांची नावे मिटलेली आहेत ना, जुना कुळ-भाडेकरू आहे का, सत्ता प्रकाराच्या रकान्यात सरकारी अटींची खूण आहे का, हे पाहावे. वकिलाकडून मागल्या तीस वर्षांचा शोध घ्यावा. सोसायटी किंवा अपार्टमेंट झाली आहे का, जमीन तिच्या नावे झाली आहे का, घरफाळा आणि देखभालीची वर्गणी थकली आहे का, हेही विचारावे. थकबाकी असेल तर ती किमतीतून वजा करावी. उघड्यावरचे पार्किंग सामाईक असते, ते वेगळे विकता येत नाही. त्याचे लाख-दोन लाख कोणी मागितले, तर नम्रपणे नाही म्हणावे.

५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा आणि आठांहून अधिक फ्लॅटचा नवा प्रकल्प महारेरात नोंदलेला असावा लागतो. अशा प्रकल्पात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत इमारतीच्या बांधणीत दोष निघाला, तर तो दुरुस्त करून देण्याची जबाबदारी बांधणाऱ्याची असते. घर जितके नवे तितकी ही मुदत शिल्लक, आणि तेवढे त्याचे मोल जास्त. शाहूपुरीतल्या लहान जागांवरच्या काही इमारती या नोंदणीबाहेर असू शकतात. तिथे तळमजल्याचे खांब, गच्चीची गळती आणि शौचालयाखालचे छत जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावे. पावसाळ्यात पाहिलेले घर खोटे बोलत नाही.

आणखी दोन हिशेब राहिले. कोल्हापूर महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क अधिभारासह सुमारे ६ टक्के आणि नोंदणी शुल्क १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार रुपये. म्हणजे ५२ लाखांवर सुमारे ३ लाख ४२ हजार रुपये वरखर्च. स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांकात १ टक्का सवलत मिळते. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी पडतो, एरवी ५ टक्के आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्यास १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला झालेल्या तयार घरावर तो नाही. हे दर बदलतात, म्हणून खरेदीआधी एकदा विचारून घ्यावे.

दुसरा हिशेब भाड्याचा. तसाच फ्लॅट महिना १२ हजारांनी भाड्याने मिळत असेल, तर वर्षाचे १ लाख ४४ हजार होतात, म्हणजे ५२ लाखांवर पावणेतीन टक्के. मुलाचे शिक्षण चार वर्षांचे आहे आणि पुढे शहरात राहण्याचा विचार नाही, तर भाड्याने राहणेच शहाणपणाचे नाही का? ‘आपले घर हवे’ या भावनेला किंमत आहे, पण ती किती देतो हे कळून द्यावी.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. गावात कोणी शहरात घर घ्यायला निघाला, की कागद वाचायला तो तुमच्याकडेच येतो. त्याच्यासाठी एका वहीच्या पानावर चार ओळी लिहा : चटई क्षेत्रावरचा दर, जमीन अधिक झिजलेले बांधकाम, शेजारचे तीन नोंदणीकृत व्यवहार आणि भाड्याचा टक्का. हे चार आकडे एकमेकांच्या जवळ आले, तर सौदा करायला हरकत नाही. एखादा फार दूर राहिला, तर तो का दूर राहिला याचे उत्तर मिळेपर्यंत बयाणा देऊ नका. रेराखालच्या प्रकल्पात तर नोंदणीकृत करारावाचून किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेताच येत नाही. विकणारा ‘उद्या दुसरे गिऱ्हाईक येतंय’ म्हणून घाई करील. येऊ द्या. शाहूपुरीत घरे आणखी आहेत. विकलेली शेती मात्र परत येत नाही.