राब भाजण्याआधी गोठ्याचा हिशोब



पोपटीचे दिवस संपले, वालाची काढणी होत आली. आता पनवेल तालुक्यात गावोगाव राबाची तयारी सुरू होईल. शेण, पालापाचोळा, कवळ, गवत थरावर थर रचायचं आणि भाजायचं. आपल्यातले काही सभासद यंदा घरचं भात सेंद्रिय करायचं म्हणतायत. त्यांनी राबाला काडी लावण्याआधी हे वाचावं.

जुन्या माणसांनी राब उगाच काढला नाही. भाजल्यावर तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं, रोपं सहज निघतात. पण शेण-पाल्यातलं नत्र धुरात जातं. पुढे युरियाची गोणी आणणाऱ्याला ते जाणवत नाही. सेंद्रिय करणाऱ्याचं मात्र वर्षभराचं खत तेच असतं.

*एका गुंठ्याला किती लागतं?*
कोकणात भाताला हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे गुंठ्याला १ किलो. चांगलं कुजलेलं शेणखत गुंठ्याला १०० किलो टाकलं तर त्यातून साधारण अर्धा किलो नत्र मिळतं, तेही हळूहळू, सगळं पहिल्याच वर्षी नाही. गिरिपुष्पाचा (आपली उंदीरमारी) ३० किलो पाला गाडला तर आणखी १०० ते १५० ग्रॅम. भातानंतर वाल घेतला तर त्याच्या मुळांवरच्या गाठी थोडी भर घालतात. तरी किलो पुरा होत नाही. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं उतारा कमी येईल हे धरूनच चाला. "पहिल्याच वर्षी दुप्पट" असं कोणी सांगत असेल तर त्याला हा हिशोब दाखवा.

*एक गाय किती गुंठे सांभाळते?*
एक गावठी गाय दिवसाला साधारण १० किलो शेण देते. दिवसभर मोकाट फिरली तर निम्मं रानातच पडतं. सगळं गोळा झालं तरी कुजून वर्षाला दीड टनाच्या आसपास खत होतं. म्हणजे एका गायीवर १५ गुंठे. घरात एकच गाय आणि सगळं ४० गुंठे एकदम सेंद्रिय केलं, तर जमीन उपाशी राहते. मग तिसऱ्या वर्षी माणूस कंटाळून गोणीकडे परत जातो, नाहीतर दलालाचा फोन उचलतो. विमानतळ झाल्यापासून ते फोन काय कमी येत नाहीत.

तेव्हा जेवढं शेण, तेवढेच गुंठे. यंदा १५ करा. गोठा वाढला की पुढचे.

*राबाऐवजी काय?*
डॉ. एन. के. सावंत यांची चारसूत्री भात लागवड तुम्ही ऐकली असेल. त्यातली तीन सूत्रं सेंद्रिय शेतीत जशीच्या तशी चालतात.

१) गादीवाफ्यात कुजलेलं शेणखत आणि गिरणीतल्या तुसाची काळी राख मिसळा. राख चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. पेंढाही जमिनीत गाडायचा असतो, पण आपल्याकडे तो गुरांना लागतो. तो गोठ्यातून शेणाबरोबर खड्ड्यात जाऊ द्या.
२) लावणीच्या आठवडाभर आधी उंदीरमारीचे फाटे शेतात पसरा. पानं गळली की दांडे उचलून चुलीला न्या, पाला चिखलात तुडवा. बांधावर झाडं नसतील तर पहिल्या पावसात फाटे रोवा.
३) लावणी दोरीवर, आलटून-पालटून १५ आणि २५ सेंटिमीटरवर, एका चुडात २-३ रोपं. बेणणी सोपी जाते.

चौथं सूत्र युरिया-डीएपी ब्रिकेटचं. ते सेंद्रियात चालत नाही.

*आणि हात किती?*
राब भाजला नाही की वाफ्यात तण जास्त येणार. ते काढायचं कोणी? पोरगा तळोजा एमआयडीसीत, सून शाळेत, म्हणजे शेवटी भार सासूच्या कमरेवर. शेण उचलणं, खड्डा भरणं, बेणणी ही कामं घरात बसून आधी वाटून घ्या. ज्याच्या अंगावर काम पडणार त्याला विचारूनच गुंठे ठरवा.

विक्रीची चिंता त्यामानाने कमी. नवी मुंबईचं गिऱ्हाईक आपल्या दारात आहे. त्याला जे खरं आहे तेच सांगा. प्रमाणपत्र नसताना पिशवीवर "जैविक भारत"चं चिन्ह छापू नका. पीजीएस प्रमाणपत्रासाठी किमान ५ शेतकऱ्यांचा गट लागतो. इच्छुक असाल तर कळवा, गट जुळवू आणि नियम एकत्र बसून समजून घेऊ.

👉 *या मेसेजला उत्तर म्हणून तीनच आकडे पाठवा: गुरं किती, भाताचे गुंठे किती, शेतात राबणारे हात किती.* टाईप करायला जमत नसेल तर व्हॉइस नोट चालेल. तुमच्या घरापुरते किती गुंठे जमतील ते आपण फोनवर ठरवू. तोवर राबाचं शेण खड्ड्यातच राहू द्या.

तुमचा कृषी सल्लागार