उन्हाच्या तडाख्यात भाताची जनुके

खुर्सीपार, भिलाई (जि. दुर्ग, छत्तीसगड): मे महिन्यात पारा ४४ अंशांपलीकडेही जातो. आजूबाजूचा मुलूख भाताचा.

नाजूक वेळ: फुलोरा. ३५ अंशांवर परागकण निकामी होऊ लागतात, लोंब्या पोचट राहतात. फूल सकाळी तास-दीड तासच उघडते. लवकर उघडणारे वाण दुपारचे ऊन चुकवतात.

जनुकांची कळ: एरवी 'एचएसएफ' हे नियंत्रक प्रथिन 'एचएसपी ७०' व 'एचएसपी ९०' या उष्णता-आघात प्रथिनांच्या पकडीत निष्क्रिय असते. उष्णतेने पेशीतील प्रथिनांची घडी विस्कटते. पकड धरणारी प्रथिने ती सावरायला धावतात, 'एचएसएफ' मोकळे होते, केंद्रकात डीएनएच्या ठरावीक क्रमाला चिकटते आणि उष्णता-आघात प्रथिनांची जनुके काही मिनिटांत चालू होतात. ऊन उतरले की पकड पुन्हा बसते.

'एचएसपी १०१': गोळा झालेली प्रथिने सोडवते.

फरक: एका दिवसाचा ताण सोसणे म्हणजे तात्पुरते जुळवून घेणे, पिढ्यान्‌पिढ्या टिकते ते वाणाचे अनुकूलन.

१९६२: फेरुच्चो रितोसा यांना उष्णता-आघात प्रतिसाद प्रथम फळमाशीत दिसला, वनस्पतीत नव्हे.

'नागिना २२': उष्णता व अवर्षण सोसणारा भारतीय भात, संशोधनात तुलनेसाठी आजही हा वाण घेतात.