आशाताईंनी मन कुणाकडे मोकळं करायचं?

फेब्रुवारी 2021 मध्ये वाशिम जिल्हा अचानक देशभरच्या बातम्यांत आला. रिसोड तालुक्यातल्या देगावच्या निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थी कोरोनाबाधित निघाले होते. तो आकडा अनेकांना आठवत असेल. पण अशा वेळी गावोगाव धावपळ करणारे आरोग्य कर्मचारी?

त्यातल्या आशाताईंचा ताण जरा वेगळा असतो. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा, आणि तीही बहुधा त्याच गावची सून. शहरातला डॉक्टर ड्युटी संपली की दवाखान्यापासून लांब जातो. आशाताईंचं काम ज्या गल्लीत, घरही त्याच गल्लीत. 2020 मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी ताप आणि ऑक्सिजन मोजायचं काम त्यांनीही केलं. शेजारच्या घरातल्या माणसाला तपासणीला पाठवायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच घरासमोरून पाणी भरायला जायचं, हे सोपं नाही.

असा ताण साचत गेला की माणूस आतून रिकामा होतो. याला ‘बर्नआउट’ म्हणतात. न उतरणारा थकवा, कामाबद्दल तुटलेपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना, ही त्याची लक्षणं. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार मानत नाही. कामाच्या ठिकाणचा ताण वेळीच न हाताळल्याचा तो परिणाम आहे, असं ती सांगते. म्हणजे दोष ताईंच्या स्वभावात शोधायचा नाही. ‘योगा करा, सकारात्मक राहा’ एवढ्या सल्ल्याने भागत नाही, ते यामुळेच.

मोबदला वेळेवर मिळणं हासुद्धा मानसिक आधारच आहे. जून 2021 मध्ये, कोरोना चालू असताना, राज्यातल्या आशांना मानधनवाढीसाठी संपावर जावं लागलं होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या मासिक बैठकीत रजिस्टर आणि उद्दिष्टं उघडण्याआधी अर्धा तास एकमेकींचं ऐकून घेता येईल. त्याला वेगळा निधी लागत नाही.

झोप उडाली, सारखं रडू येतं, जगणं नकोसं वाटतं, असं असेल तर मात्र तो नुसता थकवा समजू नये, डॉक्टरांना दाखवावं. सरकारची ‘टेलिमानस’ हेल्पलाइन ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 वर चोवीस तास, मोफत आणि मराठीतून बोलता येतं. गावाला हा नंबर देणाऱ्या ताईही तिथे स्वतःसाठी फोन करू शकतात.