गावरान अंडे कसे ओळखाल?

बाजारात अंडी घ्यायला गेलात की बहुधा दोन टोपल्या दिसतात. एकीत पांढरीशुभ्र अंडी, दुसरीत तांबूस. तांबूस अंडी 'गावरान' म्हणून चढ्या भावाने विकली जातात. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीचे अंडे ते, असे समजून आपणही जादा पैसे मोजतो. पण केवळ रंगावरून असा निष्कर्ष काढता येईल काय?

टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. व्हाइट लेगहॉर्न पांढरी अंडी देते, ऱ्होड आयलंड रेड तांबूस. मग ती पिंजऱ्यात असो की अंगणात! बलकाच्या पिवळेपणाचेही तसेच. तो खाद्यातल्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांमुळे येतो. मोकळ्या कोंबडीला ती हिरव्या पाल्यातून मिळतात. पिंजऱ्यातल्या कोंबडीच्या खाद्यात पिवळा मका किंवा झेंडूच्या फुलांचा अर्क मिसळला, तरी बलक तितकाच गडद होतो. तेव्हा रंग पाहून कोंबडी कशी वाढली हे कळणार नाही.

ऊर्जेचा हिशेब

मग पिंजरा हवा कशाला? ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तुम्हाला ठाऊक आहेच. कोंबडी जे दाणे खाते, त्यांतली ऊर्जा शरीर ऊबदार ठेवणे, हिंडणे-फिरणे आणि अंडी घालणे यांत वाटली जाते. हिंडणे थांबवले की तेवढी ऊर्जा वाचते व कमी दाण्यांत अंडे मिळते. शिवाय पिंजऱ्यातल्या कोंबड्या खास निवडलेल्या वाणाच्या असतात. देशी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते, तर या ३०० च्या आसपास. अंडे स्वस्त झाले आणि गरिबाच्या ताटात आले, ते यामुळेच. हा लाभ लहान नाही.

पण त्याची किंमत कोंबडी मोजते. युरोपात जुन्या पद्धतीच्या पिंजऱ्यात एका कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा द्यावी, असा नियम होता. ए-४ आकाराचा कागद मोजून पाहा. २१ गुणिले २९.७, म्हणजे सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटर. कागदाहूनही लहान जागेत सारे आयुष्य! तेथे पंख पसरता येत नाहीत, की माती उकरता येत नाही. युरोपीय संघाने २०१२ पासून असे पिंजरे बंद केले.

उन्हाचाही फरक पडतो. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण कोंबडीच्या कातडीवर, विशेषतः उघड्या पायांवर पडले की ड जीवनसत्त्व तयार होते. उन्हात फिरणाऱ्या कोंबड्यांच्या बलकात ते तीन-चार पट आढळल्याचे जर्मनीतील एका संशोधनात २०१४ मध्ये दिसून आले. प्रथिनांत मात्र मोठा फरक नसतो.

खाद्यातले औषध

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. १९५० च्या सुमारास अमेरिकेत स्टॉकस्टॅड आणि ज्यूक्स यांना असे आढळले, की खाद्यात प्रतिजैविकाचा अल्प अंश मिसळला तर पिल्ले लवकर वाढतात. मग निरोगी जनावरांनाही औषध रोज चारले जाऊ लागले. पण अल्प औषधाने दुबळे जीवाणू मरतात आणि औषधाला दाद न देणारे उरतात. रान मोकळे मिळाल्याने त्यांचीच प्रजा वाढते.

बोस्टनजवळच्या एका शेतावर डॉ. स्टुअर्ट लेव्ही यांनी याची परीक्षा घेतली. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात कोंबड्यांना टेट्रासायक्लिन मिसळलेले खाद्य दिले. आठवड्याभरात त्यांच्या आतड्यांतले जवळजवळ सर्व जीवाणू त्या औषधाला जुमानेनासे झाले. पाच-सहा महिन्यांत तसेच जीवाणू शेतावरच्या माणसांतही वाढले. शेजाऱ्यांत मात्र तशी वाढ दिसली नाही. उद्या तुम्ही आजारी पडलात आणि डॉक्टरांचे औषध लागू पडले नाही, तर त्याची सुरुवात अशा खुराड्यात झालेली असू शकते.

युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके देणे २००६ पासून बंद केले. कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेले औषध. ते खाद्यजन्य जनावरांसाठी विकण्यास भारत सरकारने २०१९ मध्ये मनाई केली. आजारी जनावराला औषध जरूर द्यावे; मात्र नंतर ठरावीक दिवस त्याचे दूध, अंडी वा मांस विकू नये, एवढे पथ्य पाळायचे असते.

निवड कशी करावी?

युरोपात अंड्यावरच आकडा छापतात. सुरुवातीचा ० म्हणजे सेंद्रिय, १ मोकळ्या रानातली, २ बंद कोठारात मोकळी, ३ पिंजऱ्यातली. आपल्या टोपलीतल्या अंड्यावर असा आकडा नसतो. म्हणून आपणच विचारले पाहिजे. कोंबड्या कोठे ठेवता? काय चारता? औषध केव्हा देता? दूधवाल्यालाही हेच विचारा. 'गावरान' म्हणजे आपोआप निर्मळ, असेही समजू नका. उकिरड्यावरची कोंबडी काय टिपते हे कोण पाहतो? अंडे कोणतेही असो, नीट शिजवूनच खावे. आणि महाग अंडे परवडत नसेल, तर साधे अंडे सोडू नका. तेही सकसच आहे.

वर्गातील मुलामुलींनी मिळून गावातील पाच विक्रेत्यांना हे प्रश्न विचारावेत व उत्तरांचा तक्ता वर्गात लावावा. किती जणांना उत्तर देता आले, हेही त्यात लिहा. गिऱ्हाईक विचारू लागले, की विकणाऱ्यालाही उत्तर शोधावे लागते.